क्रेपस्क्युलर

क्रेपस्क्युलर : सूर्य क्षितिजाखाली असताना आकाशात उरणाऱ्या अंधूक उजेडाशी निगडित इंग्रजी विशेषण. मूळ लॅटिन ‘क्रेपुस्कुलुम’, म्हणजे संधिप्रकाश. मराठीत ‘सांध्य’ म्हटले की संध्याकाळच डोळ्यांपुढे येते. या विशेषणात पहाटही धरलेली असल्याने ‘संधिप्रकाशी’ अधिक नेमके.

साहित्यात ते फार जपून वापरलेले बरे. नुसत्या अंधूक खोलीला हा भारदस्त शब्द चिकटवला की वाक्य बोजड होते. धूसर जाणीव, अर्धवट समज, मावळतीला लागलेला काळ अशा लाक्षणिक अर्थांनी मात्र तो शोभतो. त्याचा गाजलेला उपयोग इटलीतला. १९१० मध्ये समीक्षक बोर्गेसे याने काही तरुण कवींना ‘क्रेपुस्कोलारी’ म्हटले. इटालियन काव्याचा दिवस मावळत आला, असा त्यात टोला होता. पुढे तेच त्या संप्रदायाचे नाव झाले. गोत्सानो, कोरात्सिनी, मोरेत्ती यांच्या कवितेत जुनी घरे, आजारपण, रविवारचा कंटाळा असे साधे विषय येतात, तेही बोलल्यासारख्या भाषेत. कोरात्सिनी क्षयाने १९०७ मध्ये, म्हणजे हे बारसे होण्याआधीच वारला. मराठीत ग्रेस यांच्या ‘संध्याकाळच्या कविता’ (१९६७) आठवतात, पण त्यांची गूढ प्रतिमासृष्टी या इटालियन साधेपणापासून बरीच लांब आहे.

प्राणिशास्त्रात पहाटे व तिन्हीसांजेला वावरणाऱ्या प्राण्यांना हे विशेषण लावतात. रातवा हा पक्षी त्यातलाच. कोल्हापूरच्या आसपासच्या माळांवर दिवेलागणीनंतर तो वाटेवरच बसून राहतो. गाडीचा उजेड पडला की डोळे निखाऱ्यासारखे चमकतात आणि पक्षी अगदी चाकाजवळून उडतो.

ढगांच्या फटींतून पसरणाऱ्या प्रकाशपट्ट्यांना ‘क्रेपस्क्युलर किरण’ म्हणतात; हे रूढ नाव सूर्य क्षितिजाच्या वर असतानाही वापरतात. पावसाळी संध्याकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावरून ते दिसतात. पंख्यासारखे फाकलेले वाटले, तरी प्रत्यक्षात ते जवळजवळ समांतर असतात. फाकणे हा दूरदृश्याचा भास.

कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरातल्या किरणोत्सवाला मात्र हे विशेषण लावणे चूक. नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीस मावळतीची किरणे महाद्वारातून, गरुड मंडपातून गाभाऱ्यात शिरतात. आधी चरण, मग वर सरकत मुखापर्यंत. तेव्हा सूर्य क्षितिजाच्या वरच असतो, म्हणून तो थेट सूर्यप्रकाश आहे, संधिप्रकाश नव्हे. किरणे मुखापर्यंत पोचली नाहीत, तर ढग, हवेतली धूळ व बाष्प किंवा वाटेतली बांधकामे आड आलेली असतात.