पुंगळी, तरफ आणि बिडाची चौकट

गोळी सुटते त्या क्षणी काडतुसाची पितळी पुंगळी फुगते. ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या काडतुसात मान्य कमाल दाब हवेच्या दाबाच्या सुमारे २,४०० पट असतो, तर .३०८ विंचेस्टर या रायफलीच्या काडतुसात सुमारे ४,२०० पट. एवढ्या दाबाखाली पुंगळी चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या खोबणीच्या, भिंतीला घट्ट चिकटते आणि गरम वायूला मागे येऊ देत नाही. दाब उतरला की ती किंचित आक्रसते, म्हणून तर बाहेर निघते. पण मूळ मापावर मात्र परत जात नाही. तिच्यात नवा प्राइमर (दारू पेटवणारी बुडातली छोटी टोपी), नवी दारू आणि नवी गोळी बसवून पुन्हा काडतूस करायचे, तर आधी तिला दाबून पूर्वीच्या मापात आणावे लागते. जिथे कायदा मुभा देतो तिथे, विशेषतः अमेरिकेत, असंख्य नेमबाज हे काम घरी करतात. त्यासाठी लागणारे यंत्र म्हणजे रीलोडिंग प्रेस.

प्रेस निवडताना लोक पहिला प्रश्न विचारतात तो वेगाचा: तासाला किती काडतुसे होतील? मला तो पहिला प्रश्नच वाटत नाही. पितळ कसे वागते हे समजले, की आधी चौकटीकडे पाहावेसे वाटते.

या पितळात ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. ते मऊ, ओढता येण्याजोगे, पण लवचीकही असते. साच्यातून, म्हणजे डायमधून, बाहेर येताच ते थोडेसे उलट फुलते. म्हणून डायचे माप हव्या त्या मापापेक्षा किंचित लहान ठेवतात. शिवाय प्रत्येक वेळी फुगून आणि दाबून पितळ अधिकाधिक कडक होत जाते, आणि जितके कडक तितके ते जास्त उलट फुलते. म्हणजे डायला हातही न लावता, पाच वेळा वापरलेली पुंगळी आणि एकदाच वापरलेली पुंगळी वेगवेगळ्या मापाच्या निघू शकतात.

प्रेसचे हँडल ही साधी तरफ नसते. हँडल खाली ओढले की दोन जोडदांडे हळूहळू एका रेषेत येतात आणि पुंगळी धरलेला दांडा वर सरकतो. जोडदांडे सरळ रेषेच्या जवळ येतात तसा यांत्रिक फायदा झपाट्याने वाढतो. हाताने लावलेला काही किलोंचा जोर शेवटच्या टप्प्यात शेकडो किलोंचा होतो. पुंगळीचा बुडाकडचा सर्वांत जाड भाग डायमध्ये शिरतो तोही नेमका याच टप्प्यात. ही रचना मला फार सुंदर वाटते.

पण हा सगळा जोर जातो कुठे? दांडा डायला वर ढकलतो, जोडदांड्यांची खालची खीळ चौकटीला खाली ओढते आणि चौकट ताणली जाते. ‘ओ’ आकाराच्या बंद चौकटीत हा ताण दोन्ही बाजूंच्या खांबांत वाटला जातो. ‘सी’ आकाराची चौकट एका बाजूने उघडी असते. तिथे ताणाबरोबर वाकही येतो, तोंड किंचित उघडते आणि डायचा अक्षही कलतो. ॲल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश, बिडाचा या दोहोंच्या मधला. त्यामुळे ॲल्युमिनियमचा हलका ‘सी’ प्रेस पिस्तुलाच्या आखूड पुंगळ्यांना पुरतो, पण रायफलीच्या मोठ्या पुंगळ्यांपुढे लवतो.

ही लवण डोळ्यांना दिसत नाही, तरीही महत्त्वाची असते. रायफलीच्या पुंगळीचा खांदा, म्हणजे ती मानेकडे निमुळती होते तो उतार, साधारण ०.०५ मिलिमीटर मागे ढकलणे पुरेसे असते. कडक पितळापुढे चौकट जास्त ताणली गेली, तर खांदा पुरेसा मागे जात नाही आणि काडतूस चेंबरमध्ये अडते. ते टाळायला डाय जास्त खाली घेतला, तर मऊ पुंगळ्यांचा खांदा गरजेपेक्षा मागे जातो. मग दर वेळी उडताना त्या बुडाजवळ ताणल्या जातात, तिथली भिंत पातळ होत जाते आणि एके दिवशी पुंगळी आडवी तुटते.

आता वेगाचे. सिंगल स्टेज प्रेसवर एका वेळी एकच डाय आणि एकच क्रिया. टरेट प्रेसवर सगळे डाय फिरत्या चकतीत बसवलेले असतात, त्यामुळे ते बदलण्याचा वेळ वाचतो. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर अनेक पुंगळ्यांवर एकाच वेळी वेगवेगळ्या क्रिया होतात आणि हँडलच्या प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस पडते. स्पर्धेसाठी महिन्याला हजारो काडतुसे लागणाऱ्याला तो हवाच. पण तिथे लक्षही चार-पाच ठिकाणी वाटले जाते. पिस्तुलाच्या अनेक काडतुसांत जलद जळणाऱ्या दारूचे माप पुंगळी अर्धीही भरत नाही, त्यामुळे चुकून दुप्पट दारू पडली तरी ती मावते, आणि त्या दाबाने पिस्तूल फुटू शकते. दारू पडलीच नाही, तर गोळी नळीत अडकते आणि मागून येणारी दुसरी गोळी नळी फोडू शकते. सिंगल स्टेजवर दारू भरलेल्या सगळ्या पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करून, वरून दिवा धरून, एकेकीत डोकावता येते. नवशिक्याला हे डोकावणे मी वेगापेक्षा कितीतरी मोलाचे मानतो. म्हणून पहिला प्रेस बिडाचा, ‘ओ’ चौकटीचा, सिंगल स्टेज असावा. तो पुढे वायाही जात नाही: बहुतेक डायांचे आटे ७/८ इंच व्यासाचे आणि इंचाला १४ या मापाचे असतात, त्यामुळे तेच डाय पुढच्या बहुतेक प्रेसवर चालतात.

एक इशारा पुंगळ्या चकचकीत करण्याबद्दल. दाबलेल्या पितळात ताण अडकून राहतो. ब्रिटिश काळात भारतात पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेल्या पुंगळ्यांना आपोआप चिरा पडत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया त्याला कारणीभूत होता, हे १९२१ मध्ये स्पष्ट झाले. ताण आणि अमोनिया एकत्र आले की पितळ चिरते, म्हणून अमोनिया असलेले पॉलिश पुंगळ्यांना लावू नये.

राहता राहिले टेबल. चौकट कितीही ताठ असली, तरी फळी पातळ असेल तर हँडल ओढताना सगळा प्रेस पुढे झुकतो आणि प्राइमर बसताना हाताला लागणारा अंदाज हरवतो. जाड फळी, आरपार बोल्ट आणि टेबल भिंतीला पक्के जखडलेले, एवढी तयारी प्रेस आणण्याआधीच करावी.