पीओत ‘ट्रंक’ लिहिलंय, पण कुठला ट्रंक?

महापेच्या एका साइटवर पीओमध्ये, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरमध्ये, एकच ओळ होती, दोन्ही स्विचमध्ये दोन-दोन पोर्टचा ट्रंक करून द्यावा. एक स्विच एका कंपनीचा, दुसरा दुसऱ्या कंपनीचा. आमच्या पोराने दोन्हीकडे मॅन्युअल बघून बरोब्बर ‘ट्रंक’ केला आणि पाच मिनिटांत सगळ्या मजल्याचं नेटवर्क बसलं. चूक पोराची नव्हती, त्या शब्दाचीच होती आणि ती बरीच जुनी आहे.

ट्रंक हा शब्द मूळ टेलिफोनवाल्यांचा. दोन एक्स्चेंजमधली मोठी लाइन म्हणजे ट्रंक, आपल्या आईवडिलांनी अर्जंट नाहीतर लाइटनिंग ट्रंक कॉल बुक केलेत ते तिथूनच आलं. स्विच आले तेव्हा नेटवर्कवाल्यांनी हा शब्द उचलला, पण कंपन्यांच्या दोन घरांनी दोन अर्थाने. एका घराचं म्हणणं, ज्या एका केबलवरून अनेक व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर वेगळी केलेली नेटवर्क, ओळखीचा टॅग लावून जातात तो ट्रंक. दुसऱ्या घराचं म्हणणं, अनेक केबल बांधून एक केली तो ट्रंक, आणि टॅगवाल्या पोर्टला ते नुसतं ‘टॅग्ड’ म्हणतात. म्हणजे एकाकडे एका तारेत अनेक नेटवर्क, दुसऱ्याकडे अनेक तारांचं एक नेटवर्क, अगदी उलटं! आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर, कारण टेलिफोनच्या ट्रंकमध्ये दोन्ही गोष्टी होत्याच.

आता बघा काय होतं. दुसऱ्या घराच्या स्विचवर प्रोटोकॉल (समोरच्याशी बोलायची पद्धत) न सांगता ट्रंक केला तर तो स्टॅटिक होतो, समोरच्याला न विचारता मानून चालतो की दोन पोर्ट म्हणजे एकच. पहिल्या घराचा स्विच मात्र ते दोन वेगळे टॅगवाले पोर्ट समजतो, मग एका पोर्टवर आलेली ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठीचा निरोप, दुसऱ्या पोर्टवरून परत पाठवतो, पाठवणाऱ्या स्विचला स्वतःच्याच पीसीचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा पत्ता) बाहेरून येताना दिसतो, कुठला पत्ता कुठल्या पोर्टवर हे सांगणारं मॅक टेबल उड्या मारायला लागतं आणि युजर म्हणतो नेट स्लो आहे. बरं, यावर उपाय म्हणून स्टँडर्डने ‘लिंक ॲग्रिगेशन ग्रुप’ असं कोरं नाव दिलं, त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचं झालं लॅग, आणि आपल्याकडे लॅग म्हणजे गेम अडकणं. क्लायंटला फोनवर ‘दोन स्विचमध्ये लॅग आहे’ सांगून बघा एकदा. वर कोणी त्याला चॅनल म्हणतं, सर्व्हरवाले बाँड नाहीतर टीमिंग म्हणतात, एका कंपनीने तर ट्रंकच्या पुढे इथ जोडून तिसरंच नाव केलंय. माझं मत विचाराल तर टॅगवाल्यांनी हा शब्द घ्यायलाच नको होता, पण त्यांचे कोर्स जास्त विकले गेले म्हणून नवीन पोरं तोच अर्थ शिकून येतात.

या स्टँडर्डआधीचा इतिहास फार मोठा नाही. केबल जोडायची युक्ती ९०च्या दशकाच्या सुरुवातीची, एका छोट्या कंपनीची, जी नंतर मोठ्या कंपनीने गिळली. प्रत्येकाची युक्ती आपापली, मिसळायची नाही. १९९५ला १०० एमबीपीएस आलं आणि सोबत ऑटो-निगोशिएशन, म्हणजे दोन्ही बाजूंनी आपसात स्पीड ठरवणं, तेही ऐच्छिक, त्यामुळे अर्धे लोक एका बाजूला हाताने १०० फुल लॉक करायचे, दुसरी बाजू ऑटोवर राहायची, तिला स्पीड कळायचा पण डुप्लेक्स, म्हणजे दोघांनी एकदम बोलायचं (फुल) की आळीपाळीने (हाफ), ते कळायचं नाही आणि ती हाफवर पडायची. पिंग मस्त, फाइल कॉपी मेली! १९९९च्या तांब्याच्या गिगाबिटमध्ये ऑटो सक्तीचं झालं, तरी वागळे इस्टेटमध्ये आजही ‘लॉक कर’ म्हणणारे सिनियर भेटतात.

२०००मध्ये केबल जोडायचं स्टँडर्ड ८०२.३एडी आलं, सोबत एलएसीपी, म्हणजे जोडणी आपसात ठरवायचा प्रोटोकॉल. दोन्ही बाजू एकमेकींना निरोप पाठवतात, सावकाश मोडवर ३० सेकंदांनी, फास्टवर दर सेकंदाला, आणि तीन निरोप चुकले की ती केबल गटाबाहेर. एक बाजू तरी ॲक्टिव्ह हवी, दोन्ही पॅसिव्ह ठेवल्या तर पहिलं पाऊल कोणीच टाकत नाही, लग्नाच्या बैठकीत दोन्हीकडचे गप्प बसावेत तसं. महापेला एलएसीपी असतं तर जोडणी झालीच नसती आणि गोंधळ लगेच दिसला असता. २००८ला हे सगळं ८०२.१एएक्समध्ये हलवलं, पण डेटाशीटवर जुनंच नाव छापून येतं.

स्टँडर्डने एक गोष्ट मुद्दाम मोकळी सोडली, कुठली फ्रेम, म्हणजे डेटाचं पाकीट, कुठल्या केबलवरून जाणार. अट एवढीच की एका संभाषणाच्या फ्रेमचा क्रम मोडता कामा नये. ठाणे स्टेशनला चार खिडक्या असल्या आणि एकाच घरातले चौघे चार रांगांत उभे राहिले तर कोण आधी सुटेल सांगता येत नाही, म्हणून एक घर एकाच रांगेत. त्यामुळे चार गिगाबिट जोडले तरी एक कॉपी एक गिगाबिटच्या वर जात नाही, आणि सीसीटीव्हीच्या साइटवर स्विच नुसतं डेस्टिनेशन बघून वाटणी करत असेल तर पन्नास कॅमेरे, रेकॉर्डिंगचा एकच एनव्हीआर, म्हणजे सगळा ट्रॅफिक एकाच केबलवर आणि बाकीच्या नुसत्या दिव्यासाठी. सेल्सवाला ‘चार जीबीपीएस’ सांगून गेलेला असतो.

गेल्या काही वर्षांत १० गिगाबिटचे मॉड्यूल परवडायला लागल्यावर स्पीडसाठी लॅग करणं कमी झालंय, एक केबल उंदराने खाल्ली तरी चालू राहावं म्हणून करतात. ऐरोली-रबाळेच्या डेटा सेंटरमध्ये तर दोन केबल दोन वेगळ्या स्विचमध्ये जातात, त्याची पद्धत स्टँडर्डच्या २०१४च्या आवृत्तीत आली, २०२०ला सुधारली, पण बहुतेक कंपन्या अजून आपापलीच चालवतात आणि नावंही आपापलीच. पीओत ट्रंक दिसला की मी आधी फोन करतो, टॅगवाला की जोडवाला?