लोंबता बॉटलब्रश : कोकणातील परसबागेतली लागवड

लोंबता बॉटलब्रश हा जांभूळ, पेरू आणि लवंग यांच्या कुळातला, म्हणजे मिर्टेसी कुळातला सदाहरित शोभावृक्ष आहे. वनस्पतिशास्त्रात त्याला आज मेलाल्युका व्हिमिनॅलिस म्हणतात. रोपवाटिकेत मात्र कॅलिस्टेमॉन व्हिमिनॅलिस हे जुनेच नाव चालते. त्याचे मूळ घर पूर्व ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड व न्यू साउथ वेल्स या प्रांतांत, ओढ्या-नद्यांच्या काठाला आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ योझेफ गेर्टनर यांनी १७८८ मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. परसबागेत हे झाड साधारण ४ ते ७ मीटर वाढते. फांद्या आधी वर जातात, मग स्वतःच्या भाराने कमानीसारख्या वाकून खाली लोंबतात आणि प्रत्येक टोकाला बाटली धुण्याच्या ब्रशासारखा लाल तुरा येतो.

तुऱ्याचा लाल रंग पाकळ्यांचा नसतो. पाकळ्या हिरवट, जेमतेम ५ मिलिमीटरच्या असतात आणि लवकर गळतात. दिसतात ते लांब लाल पुंकेसर व त्यांच्या टोकांवरचे परागकोश. एका तुऱ्यात १५ ते ५० फुले डहाळीभोवती चिकटून बसलेली असतात. फुले गळाल्यावर त्या जागी बारीक, कठीण, लाकडी बोंडे राहतात, आणि डहाळीचे टोक तुऱ्यातून पुढे पालवत जाते. त्यामुळे जुनी फांदी हातात धरून पाहिली तर थोडी पाने, मग बोंडांचे कडे, पुन्हा पाने, पुन्हा कडे अशी रचना दिसते. एकेक कडे म्हणजे एकेक बहर. रोप घेताना आणि छाटणी करताना ही कडी फार उपयोगी पडतात. तो भाग पुढे येईल.

कोकण किनाऱ्यावर मुख्य बहर फेब्रुवारी ते एप्रिल या काळात येतो. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुसरा, हलका बहर येतो. बहरात शिंजीर आणि मधमाश्या दिवसभर झाडावर असतात.

झाडाची जागा ठरवताना पहिला विचार उन्हाचा. किमान सहा तास थेट ऊन हवे. माडांच्या दाट आगरात किंवा आंब्याच्या कलमांच्या सावलीत झाड जगते, पण फांद्या उजेडाकडे ताणल्या जातात आणि तुरे शेंड्यालाच चार-दोन येतात. दुसरा विचार खाऱ्या वाऱ्याचा. समुद्रापासून पहिल्या ओळीत, जिथे दुपारचा वारा तुषार घेऊन अंगणात येतो, तिथे पानांची टोके करपतात. सुरूच्या किंवा उंडीच्या झाडांच्या आडोशाला, नाहीतर घराच्या पूर्वेच्या अंगाला हेच झाड चांगले होते. तिसरा विचार मुळांचा. ओढ्याकाठचे झाड असल्याने त्याची मुळे पाण्याच्या मागावर जातात आणि सांडपाण्याच्या नळांच्या सांध्यांत शिरतात. शौचालयाची टाकी, नळ आणि विहिरीचा कठडा यांपासून ४ ते ५ मीटर, घराच्या भिंतीपासून ३ मीटर अंतर ठेवावे. विजेच्या तारांखाली लावूच नये.

खळ्याच्या कडेलाही हे झाड नको. मार्च-एप्रिलात खळ्यात आमसुले, सांडगे, आंबापोळी वाळत असते, आणि नेमके तेव्हाच केसर गळत असते. ओल्या आंबापोळीवर पडलेले केसर निघता निघत नाही. फाटकाच्या आतल्या बाजूला, पाणंदीकडच्या गडग्याला समांतर, किंवा पायरीवरून खाली दिसेल अशा उतारावर ते जास्त शोभते.

रोपाची निवड

बॉटलब्रश म्हणून विकली जाणारी सगळी रोपे लोंबणारी नसतात. कॅलिस्टेमॉन सिट्रिनस या भाऊबंदाची पाने जाड, ताठ, थोडी रुंद आणि फांद्या उभ्या असतात. ते झुडपासारखे पसरते. लोंबत्या जातीची पाने अरुंद व मऊ, डहाळ्या सुतळीसारख्या लवचिक आणि कोवळी पालवी तांबूस, लवदार असते. ‘कॅप्टन कुक’ व ‘लिटल जॉन’ या बुटक्या जाती आहेत. कुंडीसाठी त्या ठीक, पण लोंबत्या वृक्षाची अपेक्षा त्यांच्याकडून ठेवू नये.

बियांपासून केलेली रोपे एकसारखी निघत नाहीत. काही छान लोंबतात, काही अर्धवट ताठ राहतात, आणि तीन-चार वर्षे होईपर्यंत त्यांतले काहीच कळत नाही. म्हणून छाट कलम (फांदीचा तुकडा रुजवून) किंवा गुटी (झाडावरच्याच फांदीला मुळे आणून) केलेले रोप मागावे. बोंडांची कडी इथे कामी येतात. फूटभर उंचीवरच एखादे कडे दिसले तर ते रोप बहुधा फुलत्या झाडाच्या फांदीपासून केलेले असते. बियांचे रोप इतक्या लहानपणी सहसा फुलत नाही. तीन ते चार फूट उंचीचे, एकच सरळ शेंडा असलेले रोप उत्तम. पिशवीच्या तळातून जाड मुळे बाहेर आली असतील तर रोप पिशवीत फार काळ राहिले आहे. त्याची मुळे आत वेटोळी झालेली असतात, आणि अशी वेटोळी सुटली नाहीत तर चार वर्षांनी जोरदार वाऱ्यात झाड मुळासकट उलथते.

खड्डा आणि लागवड

कोकणात हे झाड बिघडते ते बहुतेक वेळा खड्ड्यामुळे. जांभ्याच्या कातळात पहारीने दोन फूट लांब-रुंद-खोल चौकोन काढला आणि त्यात पोयट्याची माती भरली, की तो खड्डा बादलीसारखा भरतो. जून ते सप्टेंबरात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे ते पाणी आठवडे मुरत नाही. नदीकाठचे झाड वाहते पाणी सोसते. साचलेल्या, हवा नसलेल्या पाण्यात त्याची बारीक मुळे कुजतात. मग ऑगस्टमध्ये पाने निस्तेज होऊन लोंबतात, माणसाला वाटते खत कमी पडले, आणि खत घातल्यावर उरलेली मुळेही जातात.

कातळावर खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करावा : तीन फूट रुंद, दोन फूट खोल, आणि उताराच्या बाजूने तळाच्या पातळीवर वीतभर रुंदीची चर काढून पाणी बाहेर जाऊ द्यावे. चर शक्य नसेल तर जमिनीवर चिऱ्यांचा एक थर मांडून दीड फूट उंच ओटा करावा व त्यातच रोप लावावे. खड्डा पावसाआधी तयार करून त्यात दोन बादल्या पाणी ओतावे. दुसऱ्या दिवशी सकाळीही तळाला पाणी दिसले तर चर अजून खोल हवी. भरणीसाठी दोन भाग वरची तांबडी माती, एक भाग मुरलेले शेणखत आणि पाव ते अर्धा किलो निंबोळी पेंड पुरते. वाळवीचा उपद्रव असेल तिथे पेंड वगळू नये. आंबा-काजूच्या खड्ड्यात घालतात ते सुपर फॉस्फेट इथे नको. या झाडाला स्फुरद (फॉस्फरस) थोडेच लागते आणि जास्त झाले तर लोह घेण्यात अडथळा येतो.

मृगाचा पाऊस स्थिरावला, माती हातभर ओली झाली की, म्हणजे साधारण जूनच्या उत्तरार्धात, लागवड करावी. रोप पिशवीत होते त्याच पातळीला बसवावे; खोड मातीत गाडले तर साल कुजते. वेटोळी झालेली मुळे बोटांनी सोडवावीत, जाड असतील तर कात्रीने कापून टाकावीत. लावल्यावर माती पायाने घट्ट दाबावी, आणि पावसाळ्यात आळे न करता खोडाभोवती मातीचा चढ ठेवावा. आळे करायचे ते ऑक्टोबरात.

आधाराची काठी नैर्ऋत्येला रोवावी, कारण पावसाळी वारा तिकडून येतो. काठी वाऱ्याच्या बाजूला असली की रोप तिच्यापासून लांब झुकते आणि घासत नाही. बांधायला मऊ काथ्या घ्यावा, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा वेढा द्यावा, आणि दर दोन महिन्यांनी तो सैल करावा. प्लॅस्टिकची बारीक दोरी वर्षभरात सालीत रुतते आणि त्याच जागी खोड मोडते.

लोंबता आकार कसा येतो

हे झाड कापून लोंबते होत नाही, उंची मिळाली की आपोआप लोंबते. पहिल्या तीन वर्षांत करायचे ते एवढेच, की मधला शेंडा सरळ वर नेणे. तो वाकू लागला तर काठीला बांधून दोन ते अडीच मीटरपर्यंत उभा ठेवावा. बरोबरीने वाढणारा दुसरा शेंडा लवकर काढावा, नाहीतर पुढे दुबेळक्यात झाड फाटते. खालच्या फांद्या एकदम न काढता दरवर्षी तीन-चार काढाव्यात, कारण खोड जाड होते ते त्यांच्याच पानांमुळे. दीड मीटरच्या आत शेंडा खुडला तर खराट्यासारखे अनेक फाटे फुटतात, फांद्या जमिनीला टेकतात, त्यांखाली ओल व गोगलगाई जमतात. असे झाड नंतर नीट करणे जवळजवळ अशक्य असते.

तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून छाटणी करावी ती मुख्य बहर संपल्याबरोबर, एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत. सुकलेल्या तुऱ्याच्या, म्हणजे नव्या बोंडांच्या कड्याच्या, लगेच मागे काप घ्यावा. तिथून दोन-तीन डहाळ्या फुटतात, पावसात वाढतात आणि पुढच्या बहराला तितके तुरे जास्त येतात. सप्टेंबरनंतर टोके छाटली तर येऊ घातलेले तुरेच कापले जातात. दिवाळीला अंगण साफ करताना झाडही खालून कात्रीने गोल कापण्याची रीत अनेक घरांत दिसते. झाड फुलत नाही या तक्रारीचे सर्वांत मोठे कारण तेच आहे. मेमधल्या छाटणीत आतल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्याही विरळ कराव्यात. वारा आरपार गेला तर झाड उभे राहते.

पाणी, खत

पहिली दोन वर्षे नोव्हेंबर ते मे दर तीन-चार दिवसांनी १५ ते २० लिटर पाणी द्यावे. रोज तांब्याभर पाणी घातले तर मुळे वरच राहतात. तिसऱ्या वर्षानंतर उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी भरपूर पाणी पुरते. आळ्यात पालापाचोळा किंवा नारळाची सोडणे पसरावीत, पण खोडापासून वीतभर दूर. खोडाला टेकलेल्या आच्छादनातून वाळवी चढते. जूनच्या सुरुवातीला आणि सप्टेंबरअखेर प्रत्येकी ५ ते १० किलो शेणखत एवढे खत बस्स आहे. युरियाने पाने भरतात, फुले घटतात आणि डहाळ्या ठिसूळ होतात.

काय बिघडते

कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता असते. जांभ्याची माती आम्लधर्मी असल्याने आतल्या गावांत ती क्वचित दिसते; शिंपल्यांच्या वाळूत, किंवा घर बांधताना चुना-सिमेंट सांडलेल्या जागी ती हमखास येते. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून सायंकाळी पानांवर फवारावे व पंधरा दिवसांनी पुन्हा फवारावे. जमिनीत शेणखतातून ५० ते १०० ग्रॅम हिराकस द्यावे. पिवळेपणा जुन्या पानांपासून सुरू झाला असेल तर कारण वेगळे, बहुधा नत्राच्या (नायट्रोजनच्या) कमतरतेचे आहे. पानांवर काजळी धरली तर डहाळ्यांवर खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण शोधावा. मुंग्यांची रांग त्याचा पत्ता देते. लिटरला ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा साबण मिसळून आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा फवारावे. कीड गेली की काजळी आपोआप सुकते.

३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आणि मे २०२१ मधले तौक्ते, दोन्ही पावसाच्या तोंडावर आली. त्यामुळे मेअखेरपर्यंत फांद्या विरळ झालेल्या असणे कोकणात गरजेचे आहे. तीन वर्षांच्या आतले झाड कलंडले तर दोन-तीन दिवसांत उभे करता येते : एक तृतीयांश पालवी कमी करावी, तुटलेली मुळे स्वच्छ कापावीत, दोरीने सावकाश ओढून तीन बाजूंनी ताण द्यावेत आणि माती दाबावी. हे ताण पुढचा पावसाळा संपेपर्यंत काढू नयेत.

नवी रोपे

जुलै-ऑगस्टची दमट हवा छाट कलमांना मानवते. अर्धपक्व डहाळीचे १२ ते १५ सेंटीमीटरचे तुकडे घ्यावेत, खालची दोन तृतीयांश पाने काढावीत, खालचे टोक आयबीए या मुळे फोडणाऱ्या संप्रेरकाच्या ३००० पीपीएम भुकटीत बुडवून नदीची वाळू व कोकोपीट यांच्या समभाग मिश्रणात खोचावे. मुळे यायला आठ ते दहा आठवडे लागतात. मोजकी रोपे हवी असतील तर गुटी सोपी : पेन्सिलीएवढ्या फांदीची दोन सेंटीमीटर साल गोलाकार काढावी, ओले शेवाळ गुंडाळून प्लॅस्टिकने घट्ट बांधावे, आणि मुळे दिसू लागली की कापावे. बियांसाठी गेल्या वर्षीची पक्की बोंडे कागदी पिशवीत ठेवली की काही दिवसांत उघडून भुश्यासारखे बी सांडते. ते मातीवर नुसते भुरभुरावे, झाकू नये, आणि पाणी कुंडीच्या तळातून द्यावे.

थंड देशांतली झुकती चेरी चित्रे दाखवून विकली जाते. तिच्या कळ्या उमलायला हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे कडक थंडी लागते, ती किनाऱ्यावर मिळत नाही; पैसे वाया जातात. परसात पाणथळ कोपरा असेल तर तिथे बॉटलब्रशापेक्षा आपल्याकडचे समुद्रफळ लावावे. त्याच्या लाल फुलांच्या हातभर माळा रात्री उमलतात, सकाळी खाली सडा पडतो, आणि साचलेले पाणी त्याला मुळीच बाधत नाही.