पुनर्स्थापक न्याय आणि लैंगिक गुन्हे

गुन्ह्यामुळे कोणाचे काय बिघडले आणि ते सावरण्यासाठी गुन्हेगाराने काय करायचे, हे पीडित व्यक्ती, गुन्हेगार व दोघांची जवळची माणसे यांनी प्रशिक्षित समन्वयकाच्या मदतीने ठरवण्याची पद्धती. 1974 साली कॅनडात तरुणांनी केलेल्या मोडतोडीच्या एका प्रकरणातून तिला आधुनिक रूप आले. लैंगिक गुन्ह्यांसाठी ती वापरावी का, यावर स्त्रीवादी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या ‘रिस्टोअर’ कार्यक्रमात (2003–2007) प्रकरणे सरकारी वकिलांकडून येत. पीडितेची संमती असल्याशिवाय आणि आरोपीने जबाबदारी स्वीकारल्याशिवाय बैठक होत नसे. तिला समोर यायचे नसेल तर तिच्या वतीने दुसरे कोणी बसे. आरोपीवर पुढे वर्षभर देखरेख राही.

नाशिकमध्ये ‘आपापसात मिटवून टाका’ असे कोणी म्हटले की जातपंचायत आठवते, आणि ही धास्ती रास्त आहे. 2013 मध्ये जातीबाहेर लग्न केलेल्या मुलीची नाशकात तिच्या वडिलांनीच हत्या केली. त्यानंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतीला मूठमाती देण्याचे अभियान हाती घेतले. अशा पंचायतीत पंच पुरुष, दंड पंचांचा आणि वाळीत पडण्याची भीती बाईच्या घरालाच. ‘रिस्टोअर’मध्ये पीडितेला नकाराचा जो हक्क होता, तो इथे मुळातच नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याचा कायदा 2017 पासून लागू आहे.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा या अनुसूचित (आदिवासी) तालुक्यांत 1996 च्या पेसा कायद्याने, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींच्या कायद्याने, ग्रामसभेला रूढीनुसार तंटे सोडवण्याची पद्धत जपण्याचा अधिकार दिला आहे. बलात्कार मात्र त्यात बसत नाही. तो तडजोडयोग्य, म्हणजे दोन्ही पक्षांनी आपसात मिटवून खटला संपवता येईल असा, गुन्हा नाही, आणि समझोत्यामुळे शिक्षा कमी करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये बजावले. आरोपीने पीडितेकडून राखी बांधून घ्यावी ही जामिनाची अट त्याच न्यायालयाने 2021 मध्ये रद्द केली. पीडित बालक असेल तर पॉक्सो या बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यानुसार गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे; गावकीही त्याला अपवाद नाही.

म्हणून इथे या पद्धतीची जागा खटल्याच्या शेजारी किंवा शिक्षेनंतरच आहे. अत्याचारपीडितांसाठीच्या राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेचे अर्थसाहाय्य जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळते आणि ते आरोपीच्या पश्चात्तापावर अवलंबून नाही. 1994 पासून कॅनडात, तुरुंगातून सुटून आलेल्या लैंगिक गुन्हेगारांभोवती स्वयंसेवकांची मंडळे उभी राहिली. ती गुन्हेगाराला आधार देतात आणि वागण्याचा जाबही विचारतात. नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहातून सुटणाऱ्यांसाठी असे मंडळ करता येईल. त्यासाठी पीडितेला एकदाही बोलवावे लागत नाही.