डिस्टिलरीचं पाणी उसाला: परवानगी कोणाची, कागद कोणते, मात्रा किती?

इथेनॉल काढल्यावर डिस्टिलरीत उरणाऱ्या तपकिरी पाण्यात, म्हणजे स्पेंटवॉशमध्ये, पालाश (पोटॅश) भरपूर असतं. म्हणून बेळगाव जिल्ह्यातल्या चिक्कोडी, अथणी, रायबाग, हुक्केरी भागात 'टँकर रानात सोडून घ्यावा का' हा प्रश्न दर हंगामात येतो. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यानुसार असं पाणी जमिनीवर सोडायची संमती कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ डिस्टिलरीला देतं. ती शेतकऱ्याच्या नावावर निघत नाही, आणि शेतकऱ्याने लिहून दिलेला कागद तिच्या जागी चालत नाही.

म्हणून आधी कारखान्याच्या शेती खात्याकडे मंडळाच्या चालू आदेशाची प्रत मागा. त्यात मुदत आणि विल्हेवाटीची अट वाचा. 'शून्य द्रव विसर्ग', म्हणजे सांडपाणी बाहेर अजिबात सोडायचं नाही, असं लिहिलं असेल तर तुमच्या रानात टँकर रिकामा करणं बेकायदा आहे, फुकट दिला तरी. आदेशात जमिनीवर वापराची स्पष्ट मुभा असेल तरच पुढे जा. तेव्हाही बायोगॅस प्लँटमधून प्रक्रिया होऊन आलेलंच पाणी घ्या. कच्च्याचा सामू (पीएच) ४ च्या आसपास, म्हणजे आम्लधर्मी असतो, ते जमीन आणि पीक दोन्ही जाळतं.

कागद असे तयार ठेवा: आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा), आधार, फ्रूट्स आयडी (कर्नाटक सरकारकडच्या शेतकरी नोंदणीचा क्रमांक), माती परीक्षण अहवाल आणि विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याचा अहवाल. अडतं ते बहुधा नावाशी. उताऱ्यावर कन्नडमधलं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर फ्रूट्स नोंदणी रखडते, ते आधी दुरुस्त करून घ्या. उतारा सामाईक असेल तर सगळ्या खातेदारांची लेखी संमती जोडा. मातीचा नमुना ८-१० ठिकाणांहून, १५ सेंटिमीटर खोलीचा, बांध आणि शेणखताचा ढीग सोडून घ्या.

मात्रा अंदाजाने ठरवू नका. टँकरसोबत पालाशाचा अहवाल मागा. उसाला हेक्टरी १९० किलो, म्हणजे एकरी सुमारे ७६ किलो पालाश लागतं. पाण्यात समजा १ टक्का पालाश असेल, तर ७,६०० लिटरमध्येच ती गरज भागते. त्यावर पोटॅशची पोती टाकली तर पैसा वाया जातो आणि रसात क्षार वाढून साखरेचं स्फटिकीकरण बिघडतं. पाणी लागणीआधी, मोकळ्या रानात पातळ करून द्या आणि नांगरून काही आठवडे थांबा. उभ्या उसाला, पावसाळ्यात किंवा निचरा नसलेल्या काळ्या रानात देऊ नका. कॅनॉलखालच्या क्षारपड पट्ट्यात तर मुळीच नको: या पाण्यातले क्षार वर साचतात आणि झिरपलं तर विहिरीचं पाणी तपकिरी होतं.

टँकर बंद असेल तर त्याच पालाशाचा कायदेशीर मार्ग आहे. स्पेंटवॉश बॉयलरमध्ये जाळून उरलेल्या राखेपासून केलेलं पोटॅश खत २०२१ पासून केंद्राच्या अनुदान योजनेत आहे. त्यात किमान १४.५ टक्के पालाश असतं, म्हणजे तेच ७६ किलो मिळवायला एकरी सुमारे ५२५ किलो, ५० किलोची साडेदहा पोती. खत दुकानातल्या पॉस (विक्री नोंदवणाऱ्या) मशीनवर आधारने घ्या, पोत्यावरची टक्केवारी आणि बॅच नंबर पाहा, बिल जपून ठेवा.

कोणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ टँकर सोडत असेल, तर वेळ, सर्वे नंबर आणि फोटोसह प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या भागाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोचपावती घ्या.