अटेस्टेशन फॉर्म भरताना: घरातली झाकलेली गोष्ट लिहायची का?

केंद्र सरकारची नोकरी लागली, मग ती कस्टममध्ये असो, पोस्टात असो की दाबोळीच्या नौदल तळावर नागरी पदाची, की अटेस्टेशन फॉर्म हातात येतो. गेल्या 5 वर्षांत वर्षाहून जास्त काळ जिथे राहिलात ते पत्ते, आईवडिलांचे आणि जोडीदाराचे राष्ट्रीयत्व, कधी अटक, खटला, दंड किंवा परीक्षेला बंदी झाली का, हे सगळे त्यात विचारतात. मग पोलीस नोंदी तपासतात. सोबत जन्मदाखला, शिक्षणाची प्रमाणपत्रे आणि ओळखीचा दाखला द्यायचा. त्यावर राजपत्रित अधिकाऱ्याचीच सही हवी असे नाही, मामलेदार किंवा मुख्याध्यापकही चालतात.

मुलांची खरी घालमेल होते ती खटल्याच्या रकान्यापाशी. कॉलेजात असताना झालेली मारामारी, पुढे निर्दोष सुटका, आणि घरात ‘आता ते कशाला उकरायचे?’ असा सल्ला. हा सल्ला ऐकू नका. खोटी माहिती देणे किंवा माहिती दडवणे ही अपात्रता ठरते, असा इशारा फॉर्मच्या सुरुवातीलाच छापलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अवतार सिंग खटल्यात याचे निकष घालून दिले. तरुणपणी घोषणा दिल्यासारखे किरकोळ प्रकरण दडवले असेल, तर नेमणूक करणारे खाते ते माफ करू शकते. गंभीर गुन्हा दडवला तर नेमणूक जाऊ शकते. खरे सांगितले म्हणून नोकरी मिळेलच असे नाही, कारण पूर्वचरित्र पाहून ठरवण्याचा अधिकार खात्याकडे राहतो. पण दडवल्याचा ठपका ठेवायचा, तर जे नेमके विचारले होते तेच दडवले, असे दिसले पाहिजे. न विचारलेले सांगितले नाही म्हणून ठपका ठेवता येत नाही. निर्दोष सुटला असाल तर निकालाची प्रत जोडा.

आपल्याकडे गोव्यात आणखी एक गोष्ट दबक्या आवाजात बोलली जाते, ती म्हणजे पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनमध्ये केलेली जन्मनोंदणी. वडिलांनी पोर्तुगीज पासपोर्ट काढून ते इंग्लंडला कामाला गेले असतील, तर राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘भारतीय’ लिहू नका. वडिलांचे राष्ट्रीयत्व लिहायला लाज कसली? तुमची स्वतःची नोंदणी तिथे झाली असेल, तर मात्र प्रश्न गंभीर आहे. स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले, तर नागरिकत्व कायदा 1955 च्या कलम 9 नुसार भारतीय नागरिकत्व संपते. नोकरीसाठी अर्ज करण्याआधी वकिलाला कागद दाखवा.

सुरक्षेशी संबंधित पदांवर खात्याला दडवलेल्या गोष्टीची धास्ती वाटते, कारण ती ज्याला ठाऊक असते तो तुम्हाला वाकवू शकतो. कर्जाचेही तसेच. केंद्रीय कर्मचाऱ्याने कायम कर्जबाजारी राहू नये, असे 1964 च्या वर्तणूक नियमांतच आहे.

आणि फॉर्म दिल्यानंतर अटक किंवा शिक्षा झाली, तर तेही लगेच कळवावे लागते. न कळवल्यास माहिती दडवली असेच धरतात. म्हणून भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स घरी ठेवा.