पाचशे बारा बाइटांची ओळ आणि लिस्पमधील सीएल-आयआरसी

नांदेडच्या आमच्या अभ्यासगटाने गेल्या पावसाळ्यात सीएल-आयआरसी ही मुक्तस्रोत लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांत वापरता येणारा तयार कोड, वाचायला घेतली. ती कॉमन लिस्प या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली असून आयआरसी या गप्पांच्या जुन्या व्यवस्थेशी प्रोग्राममधून बोलण्याची सोय करते. आमच्यापैकी बहुतेकांची लिस्पशी ओळख अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमातील एका प्रकरणापुरतीच होती. पहिल्याच आठवड्यात आम्ही पाठवलेला एक लांब मराठी संदेश पलीकडे पोचला, तेव्हा त्यात एकही देवनागरी अक्षर उरले नव्हते. लहान संदेश मात्र नीट जात होते. या बिघाडाचे कारण शोधताना लायब्ररीच्या मागचा बराच इतिहास वाचावा लागला आणि तोच येथे मांडला आहे.

जॉन मॅकार्थी यांनी लिस्पचे काम एमआयटी या संस्थेत १९५८ मध्ये सुरू केले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली, त्यामुळे आमच्या गटात हे साल कोणाला पाठ करावे लागले नाही. पुढील दोन दशकांत लिस्पच्या इतक्या बोली तयार झाल्या की एका बोलीतील प्रोग्राम दुसरीत चालेनासा झाला, आणि त्यांना एका छत्राखाली आणण्यासाठी कॉमन लिस्प आकाराला आली. तिचे वर्णन करणारे गाय स्टील यांचे पुस्तक १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अमेरिकेच्या मानक संस्थेने तिचे अधिकृत मानक १९९४ मध्ये मंजूर केले. वस्तुकेंद्री (ऑब्जेक्ट-ओरिएंटेड) रचना आणि चुका हाताळण्याची अतिशय विचारपूर्वक आखलेली पद्धत या मानकात आहे. परंतु नेटवर्कवर दुसऱ्या संगणकाशी जोडणी कशी करावी, याबद्दल त्यात एक शब्दही नाही. त्याचा दोष मानक लिहिणाऱ्यांना देणे मला योग्य वाटत नाही. भारतात तर सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळू लागले तेच १५ ऑगस्ट १९९५ पासून, म्हणजे मानक मंजूर झाल्यानंतर.

या उणिवेचा परिणाम असा झाला की एसबीसीएल, सीएमयूसीएल, क्लिस्प, अ‍ॅलेग्रो अशा कॉमन लिस्प चालवणाऱ्या प्रत्येक प्रणालीने जोडणीची आपापली वेगळी सोय केली. एरिक एंगे यांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सीएल-आयआरसी लिहिली, तेव्हा त्यांच्यासमोर हीच अडचण होती. या सर्व पद्धतींवर एकच दार बसवणारी यूसॉकेट ही लायब्ररीही त्यांनीच सुरू केली, आणि एरिक ह्युल्समन यांनी पुढे दोन्ही लायब्ररींचे काम सांभाळले. यूसॉकेट आज कॉमन लिस्पच्या असंख्य प्रकल्पांचा पाया आहे.

लायब्ररीची आतली रचना लिस्पला शोभणारी आहे. आयआरसीचा प्रत्येक संदेश म्हणजे मजकुराची एक ओळ असते आणि तीत पाठवणारा, आज्ञा व आज्ञेसोबतचे घटक या क्रमाने येतात. सीएल-आयआरसी ती ओळ तोडते, तिच्यातील आज्ञा ओळखते आणि त्या आज्ञेसाठी ठरवलेल्या वर्गाची (क्लास, म्हणजे साचा) एक वस्तू (ऑब्जेक्ट) तयार करते. सर्व्हरची काही उत्तरे नुसत्या तीन अंकी आकड्यांत येतात, उदाहरणार्थ मागितलेले टोपणनाव आधीच कोणी घेतले असेल तर ४३३. अशा आकड्यांनाही लायब्ररी वाचता येण्याजोगी नावे देते. वापरणाऱ्याने एवढेच सांगायचे की अमुक वर्गाचा संदेश आला तर हे फंक्शन चालवावे. अशा फंक्शनला येथे हूक म्हणतात. आपण जागे आहोत ना, हे पाहण्यासाठी सर्व्हर अधूनमधून पिंग पाठवतो आणि त्याला पाँग हे उत्तर देणारा हूक लायब्ररीने आधीच बसवलेला असतो. या सोयीमुळे लिस्पच्या चर्चा-चॅनेलवर पुढे अनेक बॉट, म्हणजे आपोआप बोलणारे प्रोग्राम, कामाला लागले. त्यांपैकी लिस्पपेस्ट हा बॉट कोणी प्रोग्रामचा तुकडा चिकटवला की त्याची वर्दी चॅनेलवर देत असे. मे २०२१ मध्ये फ्रीनोड या आयआरसी जाळ्याचे जुने व्यवस्थापक बाहेर पडले आणि लिबेरा हे नवे जाळे उभे राहिले, तेव्हा अशा बॉटांचे स्थलांतर मुख्यतः सर्व्हरचे नाव बदलण्यापुरतेच होते.

आमच्या बिघाडाचे मूळ मात्र आयआरसीच्याच जन्मात आहे. ऑगस्ट १९८८ मध्ये यार्क्को ओइकारिनेन यांनी फिनलंडच्या औलू विद्यापीठात ही व्यवस्था लिहिली आणि मे १९९३ मध्ये तिचे नियम लेखी स्वरूपात प्रसिद्ध झाले. त्या नियमांत एक विलक्षण तरतूद आहे: टोपणनावांची तुलना करताना चौकोनी कंस हे महिरपी कंसांचे मोठे रूप मानावे. फिनिश संगणकांच्या सात बिटांच्या वर्णसंचात कंसांच्या याच जागांवर त्या भाषेचे खास स्वर बसवलेले होते, म्हणून तेथील माणसाला हे कंस खरोखरच एकाच अक्षराची लहान-मोठी रूपे होती. सीएल-आयआरसीला आजही हा नियम पाळावा लागतो. जन्मभूमीच्या लिपीचा असा ठसा या व्यवस्थेवर कायमचा उमटलेला आहे.

त्याच नियमांनुसार एक संदेश ५१२ बाइटांपेक्षा (बाइट म्हणजे संगणकातील साठवणीचे छोटे माप) मोठा असू शकत नाही, आणि त्यातले शेवटचे दोन बाइट ओळ संपल्याच्या खुणेसाठी जातात. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, तर यूटीएफ-८ या सर्व लिप्यांसाठीच्या लेखनपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, मग ते व्यंजन असो, मात्रा असो वा हलन्त असो, तीन बाइट लागतात. ‘लातूर’ लिहिण्यास १५ बाइट लागतात आणि ‘धाराशिव’ लिहिण्यास २१. पाठवणाऱ्याचे नाव-पत्ता, आज्ञा आणि चॅनेलचे नाव वजा जाता मराठीसाठी जेमतेम दीडशे चिन्हांची जागा उरते. संदेश त्याहून लांब असेल तर सर्व्हर मर्यादेबाहेरचा भाग कापून टाकतो आणि काप एखाद्या चिन्हाच्या तीन बाइटांच्या मध्येच पडू शकतो. सीएल-आयआरसी आलेली ओळ प्रथम यूटीएफ-८ म्हणून वाचून पाहते आणि ते जमले नाही तर लॅटिन-१ म्हणून, म्हणजे युरोपीय अक्षरांच्या जुन्या एकबाइटी पद्धतीने, वाचते. ही योजना युरोपातील जुन्या संदेशांसाठी शहाणपणाची होती. मराठी ओळीचे मात्र शेवटचे एकच चिन्ह तुटले तरी संपूर्ण ओळ लॅटिन-१ म्हणून वाचली जाते, आणि अक्षरांच्या जागी तिरकी रेघ दिलेला लॅटिन ए, चलनाचे चिन्ह आणि येनचे चिन्ह यांची रांग दिसते. आमच्या पडद्यावर तेच दिसत होते.

पहिला उपाय म्हणून आम्ही संदेश पाठवण्यापूर्वीच बाइट मोजून चिन्हाच्या सीमेवर तोडू लागलो. त्यामुळे ओळ वाचता येऊ लागली, पण कधी ‘ला’मधील ‘ल’ एका संदेशात राही आणि काना दुसऱ्याच्या आरंभी एकटाच येई. म्हणून आता आमचे फंक्शन मर्यादेच्या आतील शेवटची मोकळी जागा शोधते, तेथेच ओळ तोडते आणि उरलेले शब्द पुढच्या संदेशात पाठवते.